श्रीखंडाच्या डब्यातल्या एकतीस चिठ्ठ्या

२०२१च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या आमच्या मंडळानं शिष्यवृत्त्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. दांडिया बाजारातली मंडळाची खोली, खजिनदार काकूंनी घरून आणलेला श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात एकतीस घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आणि त्या उचलायला अध्यक्षांचा सहा वर्षांचा नातू. चौदा उचलून झाल्यावर त्याला आणखी उचलायच्या होत्या. पुरे म्हटल्यावर त्यानं भोकाड पसरलं. त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. गुणवत्तेची कदर करणारं म्हणवणारं मंडळ, आणि निवड भिशीसारखी!

या प्रकरणाची गंमत अशी, की ज्याची लाज वाटली तेच पुढे कामाला आलं.

फंड लहान आहे. एका मुदत ठेवीचं व्याज आणि बडोद्यातल्या दोन-तीन मराठी घरांनी आईवडिलांच्या नावे घातलेली भर. बारावी होऊन कॉलेजात जाणाऱ्या मुलांना प्रत्येकी ८,००० रुपये, एकदाच, गुणगौरव समारंभात पाकिटातून. अट दोन गोष्टींची: बारावीला ७५ टक्के आणि घरची परिस्थिती बेताची. एरवी अर्ज जेमतेम पैशाइतकेच यायचे, त्यामुळे निवडीचा प्रश्नच फारसा येत नसे. त्या वर्षी मात्र कोरोनामुळे गुजरात बोर्डानं बारावीची परीक्षा रद्द केली. दहावीचे गुण ५० टक्के, अकरावीचे २५ आणि बारावीच्या शाळेतल्या चाचण्यांचे २५ अशी मोट बांधून निकाल लागला, आणि नियमित विद्यार्थ्यांचा निकाल १०० टक्के. दुसरीकडे घरोघरी उत्पन्न आटलेलं. अर्ज एकतीस आले आणि सगळे अटीत बसले. ७८ टक्केवाला ८३ टक्केवाल्यापेक्षा कमी हुशार आहे असं त्या मार्कशीटांवरून म्हणायची कुणाची छाती होईना. शेवटी काकूच म्हणाल्या, "टाका चिठ्ठ्या."

(बोर्डाच्या मार्कशीटवर टक्क्यांबरोबर पर्सेंटाइल रँकही, म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत तेही, छापलेली असते. इथं सगळे तिला पीआर म्हणतात. राज्याची शिष्यवृत्ती, मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, ८० पीआरवर चालते, टक्क्यांवर नाही. मार्कं सगळ्यांचीच फुगली तरी रांगेतली जागा तीच राहते, त्यामुळे त्या वर्षी त्यांची चाळणी आमच्यासारखी निकामी झाली नाही. हे आम्हाला सुचलं असतं तर चिठ्ठ्या पडल्याच नसत्या. नाही सुचलं ते बरं झालं.)

२०२५च्या पावसाळ्यात एका जुन्या सभासदांनी फंडाला मोठी रक्कम द्यायची तयारी दाखवली. त्यांचा मुलगा परदेशात असतो, बहुधा त्यानं शिकवलं असावं, कारण त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ज्यांना पैसे दिले त्या मुलांचं पुढे काय झालं?" सभेत शांतता. मग कोणीतरी दोन डॉक्टरांची आणि कॅनडात गेलेल्या एका मुलीची नावं सांगितली. दरवर्षीच्या अहवालात तीच तीन नावं असतात. दाते म्हणाले, "ही तीन झाली. बाकीचे?"

काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त आहे आणि बँकेत शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. तिथं 'पुढे काय झालं' हा प्रश्न सोपा असतो. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सवलतीचं, मग हप्ता सुरू. हप्ता आला तर शिक्षण फळलं, नाही आला तर खातं थकीत. मुलगा एमबीए होऊन गोदामात बिलं फाडत असला आणि हप्ता बाप भरत असला, तरी आमच्या दफ्तरी तो यशस्वी. तेव्हा हे कधी टोचलं नव्हतं.

मी २०२१ची यादी घेतली. तीन वर्षांची पदवी २०२४ला आणि इंजिनिअरिंग २०२५ला संपायला हवी, म्हणून हिशेबाला सोयीची. पण खरं कारण डबा. एरवीच्या वर्षी ज्यांना पैसे मिळाले ती मुलं मुळातच जास्त मार्कांची असायची, मग ती पुढे गेली तर श्रेय पाकिटाचं की पोराचं, कसं ठरवणार? इथं एकतीस मुलं सारख्या पात्रतेची, आणि कोणाला पैसे मिळाले हे एका सहा वर्षांच्या हातानं ठरवलेलं. न निवडलेल्या सतरांचे अर्जही काकूंनी फाइलला लावून ठेवले होते. त्या काहीच फेकत नाहीत. डबाही अजून आहे, त्यात आता टाचण्या असतात.

अमेरिकेत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आणि जाणूनबुजून झालेली आहे. विस्कॉन्सिन राज्यात २००८पासून एका खासगी देणगीतून सरकारी विद्यापीठांतल्या गरीब विद्यार्थ्यांना वर्षाला ३,५०० डॉलर दिले गेले. पैसे सगळ्यांना पुरणारे नव्हते, म्हणून नावं सोडतीनं काढली. सारा गोल्डरिक-रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांवर नजर ठेवली. पहिल्या तुकडीत चार वर्षांत पदवी पुरी करणारे साधारण १६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले. म्हणजे पैशानं फरक पडतो, पण शंभरात पाच मुलांचा, आणि तोही शेकड्यांनी मुलं पाहिली तेव्हा दिसला. आमच्या एकतीसांत पाच टक्के म्हणजे दीड मुलगा. हे मी सभेत आधीच सांगून ठेवलं होतं. कोणी ऐकलं असं वाटत नाही.

फोन

पहिल्या आठवड्यात मी भलताच खूश होतो. ज्यानं फोन उचलला तो नोकरीत. एकजण हालोलला, एक पुण्यात आयटीत, एक मुलगी सीएच्या आर्टिकलशिपला. "काका, तुमच्या पाकिटातून मी कॅल्क्युलेटर घेतला होता," असं म्हणणारा एक. अहवाल लिहायला घ्यावा असं वाटायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यापासून रिंग वाजून बंद. मग नंबर अस्तित्वात नाही. मग कोणाच्या तरी मावशी, "तो आता इथं नसतो." शेवटी सापडले ते असे: पैसे मिळालेल्या चौदांपैकी अकरा, न मिळालेल्या सतरांपैकी आठ. अकरांपैकी आठजणांनी वेळेत पदवी घेतली होती. आठांपैकी सहाजणांनी.

आता यातून काय काढायचं ते पाहा. सापडलेल्यांचाच हिशेब केला तर ७३ टक्के आणि ७५ टक्के, म्हणजे आमच्या पाकिटानं काडीचा फरक पडला नाही. न सापडलेले सगळे गळाले असं धरलं तर चौदांत आठ, ५७ टक्के, आणि सतरांत सहा, ३५ टक्के. लगेच फंड धन्य. आणि न सापडलेले सगळे पदवीधर झाले असं धरलं तर उलटंच, ७९ विरुद्ध ८८: जणू पैसे देऊन आम्ही पोरांचं नुकसान केलं! रजिस्टर एक, मुलं तीच, आणि उत्तरं तीन. सगळं अवलंबून आहे ते ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्यावर.

आणि ते कोण सापडत नाहीत यालाही आम्हीच कारण. पैसे मिळालेली मुलं समारंभाला आली, फोटो काढला, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये गेली. बाकीच्यांना आम्ही 'यंदा शक्य झालं नाही' एवढा एक निरोप धाडला, आणि संबंध संपला. मग चार वर्षांनी त्यांनी अनोळखी नंबर का उचलावा?

कॉलेजंही हाच खेळ खेळतात, जरा नीटनेटका. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे ज्याला सगळे एनआयआरएफ म्हणतात त्यासाठी, त्यात उतरणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती भरून वेबसाइटवर ठेवावी लागते. पालकांनी ती एकदा तरी उघडावी. त्यात प्रवेश किती, ठरलेल्या वर्षांत पदवी किती जणांना, प्लेसमेंट किती, नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार किती आणि पुढच्या शिक्षणाला किती गेले, असे रकाने असतात. पदवीधरांतून प्लेसमेंटचा आणि पुढच्या शिक्षणाचा आकडा वजा करा. जी बाकी उरते तिच्यासाठी रकाना नाही. आणि पगाराचा आकडा फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो हे विसरू नका. दहा जणांना नोकरी लागली आणि नव्वद घरी बसले, तरी तो आकडा दिमाखदार दिसू शकतो.

माझ्या यादीतला बाविसावा मुलगा असाच. चिठ्ठीत नाव आलं नव्हतं, आत्यानं फी भरली, शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजातून मेकॅनिकल झाला. कॅम्पसला निवड झाली, कॉलेजच्या फ्लेक्सवर फोटो लागला, तीन लाखांचं पॅकेज. रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे गेली आणि मग त्या बाजूनं उत्तरंच यायची बंद झाली. आज तो वाघोडिया रोडला अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. कॉलेजच्या रकान्यात तो 'प्लेस्ड' आहे. फ्लेक्स अजून उतरवलेला नाही, हे त्यानं हसत सांगितलं.

नोंद क्रमांक नऊ

ही मुलगी मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. फोनवर नाही, रावपुऱ्यात औषधं घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या माणसानं आडनाव ऐकून सांगितलं की ती पूर्वी आमच्याकडे संध्याकाळी कामाला होती. तिचा नवा नंबर त्यानं आधी तिला विचारून दिला, हे मला आवडलं.

वडील शाळेची व्हॅन चालवायचे. २०२०च्या मार्चपासून शाळा बंद, व्हॅन दारात, हप्ता चालू. बारावीला तिला ८१ टक्के. शहरातल्याच एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश, ग्रँटच्या तुकडीत, त्यामुळे फी फार नव्हतीच. आमचे आठ हजार व्हॅनच्या दोन टायरांना आणि पासिंगला गेले. हे तिनं जरा चाचरत सांगितलं, जणू मी पावती मागणार आहे. माझ्या मते त्या पैशाचा तो सगळ्यांत शहाणा उपयोग होता. शाळा सुरू झाल्या तेव्हा व्हॅन रस्त्यावर होती.

पहिल्या वर्षी केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीही तिला मिळाली. ही आज पदवीला वर्षाला १२,००० रुपये आहे, थेट खात्यात. चालू ठेवायला दर वर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. अट वाजवी आहे, अर्ज करणाऱ्याच्या घरी व्हॅन नसेल तर. दुसऱ्या वर्षी वडिलांचा गुडघा गेला, व्हॅन भाड्याच्या ड्रायव्हरवर, आणि ती दुपारी तीनपासून औषधांच्या दुकानात. तीनपर्यंत कॉलेज, असं कागदावर जमत होतं. प्रत्यक्षात शेवटचे दोन तास रोज बुडायचे. हजेरी घसरली, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण झालं नाही. शिष्यवृत्ती गेली म्हणून दुकानातले तास वाढवले. तास वाढले म्हणून चौथ्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स आणि अकाउंट्समध्ये एटीकेटी.

एटीकेटीचा फॉर्म भरायची मुदत होती. लेट फी धरून तिला साडेतेराशे रुपये लागत होते. त्या आठवड्यात घरात ते नव्हते. पगार सात तारखेला, मुदत तीन तारखेला.

"मंडळाला एक फोन करायचा होतास," मी म्हणालो.

"काका, स्टेजवर शाल घालून फोटो काढला होता माझा. गुणवंत विद्यार्थिनी म्हणून. नापास झाले, साडेतेराशे द्या, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

फॉर्म राहिला. विषय मागे राहिले, पुढच्या सेमिस्टरला ते डोक्यावर, पाचव्याची परीक्षा अर्धी दिली, सहाव्याला गेलीच नाही. आज ती मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका सप्लायरकडे टॅली बघते. पगार चौदा हजार. जीएसटीची विवरणपत्रं ती भरते आणि त्यांवर सही दुसऱ्याची असते. तिथल्या मालकानं मला तिचं काम दाखवलं. नोंदी इतक्या स्वच्छ, की मी बँकेत असतो तर तिला शाखेत ओढून घेतलं असतं. पदवी नाही म्हणून बँकेच्या परीक्षेला मात्र ती बसू शकत नाही.

दात्यांच्या तक्त्यात तिची ओळ अशी: पदवी — नाही. नोकरी — हो. तिच्या वरच्या ओळीतला मुलगा: पदवी — हो, पहिला वर्ग. नोकरी — नाही. तो तलाठी आणि बँक, दोन्हींची तयारी करतो आहे, दुसरं वर्ष. सापडलेल्या एकोणीसांपैकी असे चारजण. वर्तमानपत्रात आपण वाचतो की शिकलेल्यांत बेकारी जास्त. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतावरच्या अहवालात २०२२चे आकडे आहेत: तरुण पदवीधरांत २९.१ टक्के बेकार, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यावरून शिक्षणानं माणूस वाया जातो असं म्हणणारे आमच्या सभेतही निघाले. तसं नाही ते. ज्याच्या घरी चूल रोजच्या कमाईवर पेटते त्याला बेकार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते काम करतो आणि रोजगारात मोजला जातो. पदवीधर थांबतो, कारण त्याला थांबायला एक आशा असते आणि बहुधा एक पेन्शनवाले आजोबा. आमचे चारही तसेच. नऊ नंबरला थांबायची सोय नव्हती.

कधी मोजायचं

मोजायचं कधी, यावर सभेत अर्धा तास गेला. ब्रिटनमध्ये पदवीनंतर पंधरा महिन्यांनी माजी विद्यार्थ्यांना विचारतात. पूर्वी सहाच महिन्यांनी विचारत. अध्यक्षांना एक वर्ष पुरेसं वाटत होतं. मी त्यांना कमाटीबागेत चला म्हटलं. तिथली संकल्पभूमी बडोदेकरांना ठाऊक आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड मंजूर केले, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या करारावर. तो तरुण १९१७ला परतला, नोकरीवर रुजू झाला, आणि जातीमुळे या शहरात त्याला राहायला जागा मिळेना, म्हणून थोड्याच दिवसांत निघून गेला. त्या वर्षअखेरीस संस्थानच्या हिशेबनिसानं आमच्यासारखा तक्ता केला असता, तर डॉ. आंबेडकरांच्या ओळीत काय लिहिलं असतं? करार — मोडला. नोकरी — सोडली. आणि त्यात दोष असलाच तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याचा नव्हता, शहराचा होता. त्याला रकाना तेव्हाही नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, "सगळेच काही आंबेडकर नसतात." खरं आहे. पण घर न मिळणं, गुडघा जाणं, तारीख तीन आणि पगार सात, हे सगळ्यांचंच असतं.

शेवटी बदल झाला तो असा. आठ हजारांतले चार प्रवेशाच्या वेळी, खात्यात, समारंभाशिवाय. उरलेले चार राखून ठेवायचे, परीक्षा फॉर्म, एटीकेटी, बसचा पास, असल्या मुदतीच्या खर्चाला. अर्ज नाही, फोन करायचा, पैसे त्याच दिवशी. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०११पासून फीची किरकोळ बाकी राहिल्यामुळे नाव कापलं जाण्याच्या बेतात असलेल्या मुलांची बाकी, त्यांनी मागायच्या आतच, भरून टाकतं. न्यूझीलंडनं २०१८पासून पहिल्या वर्षाची फी माफ केली होती. २०२५पासून तीच सवलत शेवटच्या वर्षावर नेली. पैसा आत येताना द्यायचा की टिकून राहायला, हा वाद तिथंही आहे, म्हणजे आम्ही अगदीच अडाणी नाही.

काकू कडाडून विरोधात होत्या. "नापास झालेल्यांना पैसे? मग पास होणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?" त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दात्यांनी पैसे ज्या नावानं दिले ते 'गुणवंत' हे नाव आहे, आणि ट्रस्टच्या उद्देशात बदल करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. तोड काकूंनीच काढली. उद्देशात 'गुणवंत व होतकरू' असं आहे. होतकरूत एटीकेटी बसते, असा त्यांचा निर्वाळा.

आजवर सहा फोन आले. त्यांतला एक सरळसरळ थाप होता: फॉर्मची मुदत केव्हाच संपली होती, त्याला मोबाइलची स्क्रीन बदलायची होती. काकूंनी ते पकडलं आणि त्या दिवसापासून ड्रॉवरची किल्ली त्यांच्याकडे आहे. विशेष म्हणजे त्या आता स्वतःच मुदतीच्या आठवडाभर आधी मुलांना फोन करून विचारतात, "भरलास का रे फॉर्म?" निम्म्यांना पैसे नको असतात, फक्त तारीख माहीत नसते.

दात्यांना मी तीनही उत्तरं लिहून पाठवली, ७३-७५, ५७-३५ आणि ७९-८८, आणि खाली बारा न सापडलेल्यांचे नोंद क्रमांक. रक्कम त्यांनी दिली. सोबत एक ओळ: "त्या बारांचे पत्ते आहेत ना?"

आहेत. गेल्या रविवारी वाडी भागातल्या पहिल्या पत्त्यावर गेलो. जुना वाडा पाडून तिथं आता चार मजली इमारत उभी राहते आहे. समोरच्या पानवाल्याला आडनाव आठवलं. म्हणाला, ते लोक कोरोनातच गेले, सुरतेला बहुतेक, मुलगा हुशार होता. रजिस्टरात क्रमांक सतरासमोर मी तेवढंच लिहिलं, आणि 'बहुतेक'खाली रेघ ओढली.